पहिली ओळ

फोन आला तेव्हा धम्मरत्न बुलढाण्याच्या केंद्रात पडद्यासमोर उभा राहून कलावंतानं नेतृत्व कसं करावं ते सांगत होता. समोर जळगाव जामोदकडून आलेले ढोलकीवाले, भारूडवाले, एक म्हातारा सनईवाला, असे सगळे प्लास्टिकच्या खुर्च्यांत अंग चोरून बसले होते आणि चहा कधी येतो याकडे त्यांचं निम्मं लक्ष होतं. खिशातला फोन थरथरला, बहिणीचं नाव दिसलं, म्हणून तो व्हरांड्यात आला. धम्मशीला सासरहून, लोणारहून, जानेफळला आली होती हे त्याला ठाऊक होतं. "भाऊ, आईचं काही खरं नाही," ती म्हणाली. "डॉक्टरनं घरी न्या म्हनलं. पानीबी उतरून नाही राह्यलं तिच्या घशाखाली. तू ये." तो "निघतो" म्हणाला. फोन खिशात टाकता टाकता त्याला छातीत हलकं वाटलं. उन्हातून चालत आलेल्या माणसानं डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवावं, तितकं साधं आणि तितकं सुखाचं. हे काय होतंय ते त्याला आधी कळेचना. आई मरायला टेकली आहे आणि आपल्याला बरं वाटतंय? मग मनात शब्द उमटले, अगदी स्वच्छ: आता पाळी माझी. तो व्हरांड्याच्या कठड्याला धरून उभा राहिला. खाली चिखली रोडवर एक ट्रॅक्टर मागं मागं येत होता आणि कोणीतरी ड्रायव्हरला ओरडून दिशा सांगत होतं.

तिथूनच निघायला हवं होतं. केंद्र चालवणाऱ्या नीरजाताईंना नुसतं सांगितलं असतं तरी त्यांनी केंद्राची गाडी काढून दिली असती. बाई मनानं चांगली होती, यात त्याला कधीच शंका नव्हती. पण तो परत आत गेला आणि उरलेलं सत्र त्यानं पुरं केलं. पुरं केलं म्हणजे कसं, तर पेंगणारे लोक सरळ बसले. आवाज असा मोकळा लागला की त्याचं त्यालाच नवल वाटलं. शेवटी सनईवाल्या म्हाताऱ्यानं "एखांदं गानं म्हना ना साहेब" अशी गळ घातली, तेव्हा त्यानं घसा बसलाय म्हणून चक्क खोटं सांगितलं. आवाज राखून ठेवायचा होता. कशासाठी राखायचा, हे मनात आलं तसा तो पिशवी उचलून निघालाच. स्टँडवर आल्यावर त्यानं पोहे घेतले, ते संपवून आणखी एक बशी घेतली, आणि वर तर्री मागून घेतली. भूक अशी कडाडून लागली होती. बशी ठेवताना त्याला स्वतःची शिसारी आली, पण बशी रिकामी झालेली होती.

मेहकरच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली. चिखली गेली, मग दोन्ही बाजूंना सोयाबीन काढलेली काळी रानं सुरू झाली, आणि डोकं खिडकीच्या गजाला टेकवून तो नको नको म्हणत मनानं मंडळाकडेच गेला. जानेफळचं ते भजनी मंडळ तसं काही फार मोठं नव्हतं. तुळशीराम काका ढोलकीला, अंबूबाई आणि आई झील धरायला, म्हणजे पुढच्याची ओळ संपली की मागून साथीची ओळ म्हणायला, बाकी येतील ते. लग्नाकार्यात, जयंतीला कोणीही पुढं बसून गावं, तिथं कसलाच नियम नव्हता. नियम मयतीचा होता. मयतीच्या घरी पहिली ओळ कोणी उचलायची, तर मंडळातल्या ज्या माणसाचं दुःख सगळ्यांत ताजं, त्यानं. गळा असो नसो. फाटक्या आवाजाची माणसं त्यानं पाहिली होती, नवरा गेल्यावर वर्षभर पहिली ओळ उचलत राहिलेली, आणि मागून बाकीचे अशी भरघोस झील देत की तो फाटका आवाज तिच्यात सुखरूप उभा राही. आणि मयत मंडळातल्याच कोणाच्या घरची असली, तर माणूस गेलं म्हणून तोंडानं कोणी सांगत नसे. ज्याचं गेलं त्यानं घरातूनच ओळ उचलायची. बाहेर बसलेल्यांनी झील धरायची. गावाला काय समजायचं ते समजे. बाप गेला तेव्हा धम्मरत्न गिरणीत दळणाच्या रांगेत होता. आईचा आवाज आला, "सरलं तेल, इझली वात", आणि गिरणीवाल्यानं पट्टा बंद केला. त्या शांततेत चारी आळ्यांतून झील उठली, "आता कोनाची कोनाले साथ", आणि तो पीठ तिथंच टाकून पळत सुटला.

पुष्पांजली गेली तेव्हा त्यानं स्वतः उचललं होतं. साध्या तापाचं निमित्त झालं, अंगावर लाल पुरळ आलं आणि बायको हातातून निसटली. त्यानं ओळ म्हटली ती कशी म्हटली हे त्याला आज आठवत नाही. आठवते ती मागून आलेली झील. पाठीवर हात ठेवल्यासारखी ती आली होती. आईचा जाड आवाज, त्यावर अंबूबाईचा बारीक. त्या झिलेवर तो त्या दिवशी उभा राहिला, नाहीतर मागच्या विहिरीकडे जायचं त्याच्या मनात पक्कं होतं. आणि ते दुःख अजून ओलं असतानाच नीरजाताई गावात आल्या. लोककलावंतांना कशाची गरज आहे, त्यांच्यातून नेतृत्व कसं पुढं येतं, याचं संशोधन चाललं होतं. शेजारच्या वस्तीत कोणीतरी वारलं होतं, मंडळ बसलं होतं, आणि पाळीप्रमाणे धम्मरत्ननं ओळ उचलली होती. बाई भिंतीला टेकून उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांचे डोळे भरून आले होते, ते नाटक नव्हतं. मग बाहेर चहा पिताना त्यांनी विचारलं, "तुमच्या मंडळाचे प्रमुख कोण?" प्रमुख कोणीच नव्हता. पण सगळे धम्मरत्नकडे बघू लागले, कारण पुढं तो बसला होता, आणि तो पुढं का बसला होता हे सांगायचं तर त्याच्यादेखत त्याच्या बायकोचं मरण तोंडावर आणावं लागलं असतं. ते कोणाच्यानं होणार? तुळशीराम काका बशीत बघत राहिले. अंबूबाईनं पदर नीट केला. "हाव, हाच," कोणीतरी म्हणालं. धम्मरत्नच्या ओठावर आलं होतं, की नाही हो ताई, मी नाही, माझं नुसतं दुःख नवं आहे. पण दुःखातल्या माणसाला कोणीतरी मोठं म्हटलं की त्याला बरं वाटतं. त्यालाही वाटलं.

पुढं सगळं भराभर झालं. फेलोशिप, पुण्यातलं शिबिर, मग बुलढाण्याच्या केंद्रातलं टेबल आणि खुर्ची. कलावंतांसाठी साधनसंच तयार झाला, त्याच्या पुठ्ठ्यावर याचाच फोटो, तोंड उघडं, हात वर. तो ‘मले’चं ‘मला’ म्हणायला शिकला आणि घरी गेला की पुन्हा ‘मले’ म्हणताना जीभ अडखळायला लागली. धम्मशीला त्याला "काय म्हनता पुनेकर" म्हणून चिडवी. समूह, सहभाग, वारसा असे शब्द तो आता न अडखळता वापरी, आणि खोटं बोलतोय असंही त्याला वाटत नसे, कारण त्यातून लोकांचं भलं झालेलं त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. कोणाला पेन्शन सुरू झाली, कोणाला माईक मिळाला. तरी रात्रंदिवस एक कुसळ आत टोचतच होतं. त्याच काळात अंबूबाईचा कमावता मुलगा पुण्याला बांधकामावरून पडला. तिनं तिच्या घरातून ओळ उचलली, सगळ्यांनी झील दिली, आणि तिथून पाळी तिची झाली. हे मंडळाला माहीत होतं, धम्मरत्नला माहीत होतं. केंद्राला माहीत नव्हतं, कारण केंद्राला कोणी सांगितलं नव्हतं.

मग गुलाबराव गेले. जुने शाळामास्तर, मंडळातले नव्हेत, पण गावानं मानलेले. त्या दिवशी नीरजाताई कॅमेरावाल्यांना घेऊन जानेफळलाच होत्या, आणि घरच्यांची परवानगी त्यांनी रीतसर काढली. अंगणात सगळे बसले. अंबूबाई पुढं सरकून बसली होती, डोळे मिटून, ओठ आत घेऊन, असं बसलेलं माणूस ओळ पोटातून वर आणत असतं. नीरजाताईंनी माईक आणून धम्मरत्नपुढं ठेवला आणि हातानं हळूच खूण केली, की करा सुरू. एक शब्द पुरला असता. आजही एसटीत बसून तो तो शब्द शोधत होता आणि त्याला तो सहज सापडत होता: "मावशीची पाळी आहे." इतकंच. पण माईक त्याच्यापुढं होता, लाल दिवा लागला होता, आणि आपण नाही म्हटलं तर बाईंना वाटेल मग हा इतकी वर्षं कसला प्रमुख. त्यानं ओळ उचलली. चांगली उचलली. ओळ संपली आणि झिलेची जागा आली. त्या जागेत नुसता वारा होता. तुळशीराम काकांची थाप पडली, पण तोंड उघडलं नाही. मग एकच आवाज आला, जाडसर, म्हातारा. आई एकटीच झील धरत होती. गाणं संपेपर्यंत ती एकटीच धरत राहिली. रात्री जेवायला वाढताना ती म्हणाली, "आज तुह्यामांगं कोनी नोतं रे बाबू. मी होती म्हनून निभलं." अंबूबाई त्या दिवसापासून मंडळात यायची बंद झाली.

त्यानंतर त्यानं कुठं कुठं म्हटलं नाही! अकोल्याला, नागपूरला, सभागृहांतून, एकदा तर विमानानं जाऊन. मागं झील द्यायला केंद्रानं मुलं तयार केली होती, सुरात म्हणायची बिचारी. पण ओळ सोडल्यावर ती जी जागा असते, तिथं त्याला दर वेळी गुलाबरावांच्या अंगणातला वारा ऐकू येई. गावात मंडळाला बोलावलं तर ते येत, अपमान करायचे नाहीत, ओठ हलवायचे. अन्नावाचून माणूस कसा रोडावतो तसा तो आतून रोडावला होता आणि हे कोणाला सांगता येत नव्हतं. कलावंताला कशाची गरज असते याच्यावर तो तासन् तास बोले, आणि आपली गरज त्याला चारचौघांत उच्चारता येत नसे. कारण ती पुरी व्हायचा रस्ता एकच होता. त्याचं स्वतःचं कोणीतरी मरायला हवं होतं. आणि बहीण सासरी गेल्यावर त्याच्या घरचं म्हणावं असं आता एकच माणूस उरलं होतं. हा हिशेब आपण कधी मांडला? बसून, ठरवून तर कधीच नाही. पण व्हरांड्यात फोन आला तेव्हा उत्तर तयार होतं, म्हणजे मांडला होता.

जानेफळच्या फाट्यावर उतरून तो घरी पोचला तेव्हा उन्हं कलायला लागली होती. अंगणात लिंबाखाली माणसं बसली होती. तुळशीराम काका, बाकीचे, बायका एका अंगाला. ढोलकी आणलेली होती, पण फडक्यात गुंडाळलेली, भिंतीशी. त्याला बघून काका उठले. त्यांनी त्याचा हात हातात घेतला आणि सोडलाच नाही. कितीतरी दिवसांनी ते असे वागत होते.

"हाये ना?" त्यानं विचारलं.

"हाये. जीव अडकून राह्यला तिचा. जाय, बस तिच्याजोळ. आमी हावोत अठी."

"अंबू मावशी?"

"येऊन राह्यली. निरोप धाडला तिले." काका खालच्या आवाजात म्हणाले, "बाई लय थकली रे. पाळी तिच्याच गळ्यात हाये अजून, ना म्हनता येत, ना टाकता येत. आता तिची सुटन." बोलून झाल्यावर काकांच्याच लक्षात आलं की आपण काय बोललो, आणि त्यांनी मान फिरवली. धम्मरत्न अंगणातल्या तोंडांकडे बघत राहिला. सगळी भली माणसं होती. सगळ्यांचे डोळे रडून लाल होते आणि सगळे थांबले होते, तो थांबला होता त्याच गोष्टीसाठी. आपण एकटे नाही हे कळल्यावर माणसाला धीर यावा. त्याला भीती वाटली.

आत आईची खाट भिंतीशी होती. कपाटावर बुद्धाची छोटी मूर्ती, तिच्यापुढं धम्मशीलानं लावलेली मेणबत्ती. आई खाटेत उरलीच नव्हती. गोधडीखाली कोणी आहे हे सांगावं लागलं असतं. धम्मशीला ओल्या फडक्यानं तिचे ओठ पुसत होती. त्याला बघून ती रडली, मग "बाह्यरच्या लोकाईले च्या ठेवतो, सकाळपासून बसून हायेत" म्हणत उठून मागं चुलीकडे गेली. तो खाटेशी खाली बसला. आईचा हात हातात घेतला. हात ऊन होता. आता तरी रडायला यावं म्हणून त्यानं तिच्या आठवणी काढायला सुरुवात केली, लहानपणच्या, तापात उशाशी बसलेल्या आईच्या, डोक्यावर घमेलं घेऊन उन्हात चाललेल्या आईच्या. पण प्रत्येक आठवणीतून ती त्याला झील धरतानाच दिसे, तोंड किंचित वाकडं करून, कानावर हात ठेवून. श्वास घरघरत आत जाई आणि अर्ध्यातच थांबे. तो थांबला की धम्मरत्नचाही थांबे. मग तो पुन्हा सुरू होई, आणि आपल्याला तेव्हा जे वाटतं ते काय आहे, याच्याकडे तो बघायला तयार नव्हता. सूर कोणता घ्यावा? वरून घेतला तर गळा भरून आल्यावर फाटेल. इतक्या वर्षांनी झील येणार, ती अंगावर घेता आली पाहिजे. मागून अंबूबाई असेल.

"वर लावला तुनं."

त्यानं दचकून पाहिलं. आईचे डोळे उघडे होते. तेव्हा त्याला कळलं, की तो गुणगुणत होता. ओठ मिटून, पण सुरात, पहिली ओळ.

"आई..."

"वर लावला," ती म्हणाली. एकेक शब्दाला तिला दम घ्यावा लागत होता. "तेवढ्यावर अंबूचा आवाज नाही पोचत. खाली घे."

माफी मागावी, पायावर डोकं ठेवावं, उठून पळून जावं, यांतलं काहीही करता आलं असतं. आई त्याच्याकडे बघत होती आणि तिच्या बघण्यात राग नव्हता, हे त्याला सगळ्यांत जास्त लागलं.

"हाये मी अजून," ती म्हणाली. आणि जरा वेळानं, "म्हनून दाखव खाली घेऊन. हळूच म्हन. आवाज बाह्यर जाईन नाहीतर."

त्यानं सूर खाली घेतला. अगदी हळू, तिच्या कानापाशी तोंड नेऊन, "सरलं तेल" म्हटलं. तो सूर बरोबर होता. हेच ते, इतकी वर्षं हरवलेलं. गळा आपोआप उघडत गेला, छातीतलं सगळं त्या सुराशी येऊन उभं राहिलं, आणि इतक्या वेळात न आलेलं रडू आलं. "इझली वात" म्हणेपर्यंत आवाज हळू राहिला नव्हता. खोली भरून तो दारातून बाहेर गेला.

ओळ संपली. बाहेर कोणाची तरी खाट करकरली. मागं चुलीकडे कपबशा एकदम खाली पडल्या. मग ढोलकीवर थाप पडली, फडकं न काढताच, बोदी, दबलेली, आणि अंगणातून झील उठली. "आता कोनाची कोनाले साथ." सगळे. तुळशीराम काका, बाया, गडी, आणि त्या सगळ्यांवर तो बारीक, चिरका, न विसरता येणारा आवाज. अंबूबाई येऊन बसली होती आणि तिनं झील धरली होती. आळीतून आणखी आवाज येऊन मिळत होते. धम्मशीला हंबरडा फोडत दाराशी आली, आईचे उघडे डोळे तिनं पाहिले, आणि ते मेलेल्या माणसाचे डोळे समजून ती उंबऱ्यातच खाली बसली.

त्यानं नुसता हात वर केला असता तरी पुरे होतं. दाराकडे तोंड करून "हाये, आई हाये" एवढं ओरडलं असतं तर सगळे थांबले असते, शरमले असते, कोणीतरी हसलंही असतं. आईनं दाराकडे मान वळवली. तिनं ऐकलं. काय झालं ते तिला कळलं. तिला न कळणारं त्या गाण्यात काहीच नव्हतं. तिनं पुन्हा मुलाकडे पाहिलं. मग तिचे ओठ हलायला लागले. आवाज नव्हता, पण तोंड किंचित वाकडं झालं होतं. ती झील धरत होती.

झील संपत आली. पुढच्या ओळीची जागा आली, आणि अख्खं अंगण त्याच्यासाठी थांबलं. आईच्या हातावरची पकड त्यानं घट्ट केली, डोळे मिटले, आणि दुसरी ओळ उचलली.